रुपया घरी किती दिवसांनी येतो? सांगलीत भडंग-चटणीचा धंदा चालू करणाऱ्यांसाठी

आठवड्यात एखादा तरी फोन ठरलेला असतो, की ताई आम्हाला पण काहीतरी घरगुती चालू करायचंय, भडंग, चटणी, मसाला, पापड, काहीही चालेल, सुरुवात कुठनं करू. पुढचे प्रश्न पण ठरलेले. कर्ज किती मिळेल, सबसिडी किती, मशीन कुठनं घेऊ. माल कोण घेणार आणि पैसे कधी देणार हे अजून एकानं पण विचारलं नाय. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते, फोनवर तेच तेच बोलून माझा पण घसा बसतो.

माझं सांगायचं तर विश्रामबागेत घरच्या गॅसवर ४ किलो भडंग करून सुरुवात केली, आज कुपवाडला भाड्याचा गाळा आहे, ११ बायका आणि ३ पोरं कामाला आहेत. लई मोठं काय नाय. मधे एकदा शटर खाली ओढायची वेळ आलती आणि गंमत म्हणजे त्या वर्षी माझी विक्री आजवरची सगळ्यात जास्त होती. माल धडाधड जात होता आणि बँकेत पगाराला पैसे नव्हते. हे कसं होतं ते कळलं तर तुमचा निम्मा त्रास वाचेल, ते खाली पाचव्या पायरीत येतंय, पण उडी मारून तिथं जाऊ नका.

पायरी १ : पाच किलो करा आणि ओळखीच्यांना विकू नका

पै-पाहुणे, शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी, सगळे म्हणणार छान झालंय. त्यांना तोंडावर नाय म्हणता येत नाही. पाच किलो करा, साध्या पिशवीत भरा आणि ज्यांना तुमचं नाव माहीत नाही अशा चार दुकानांत ठेवा. शाळेजवळचं एक, एसटी स्टँडजवळचं एक, एक कॉलनीतलं किराणा आणि एक गावातलं, म्हणजे तासगाव नाहीतर पलूसकडचं. विकलं किती याकडं फार बघू नका, तेच गिऱ्हाईक परत मागायला आलं का एवढंच दुकानदाराला विचारा.

मला पहिल्या महिन्यात स्टँडजवळच्या एका स्टॉलवाल्या काकांनी जे शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगमधे मिळालं नसतं. त्यांनी माझं पाकीट फोडलं, दोन चिरमुरे बोटात धरले आणि दाबले. चिरमुरा मोडला नाही, चेपला. आवाजच नाय. म्हणले, "ताई, सादळलंय. चव बेस आहे तुमची, पण भडंग आधी कानानं खातात." मी घरी आले आणि राहिलेली ३० पाकिटं फोडून बघितली, सगळी तशीच.

पायरी २ : माल कधी मरतो ते आधी शोधा

कारण होतं लसूण. मी ठेचलेला लसूण तेलात जरा गुलाबी झाला की काढायचे, वास मस्त यायचा पण आत ओल राहायची, आणि ती ओल चिरमुरे पिऊन घ्यायचे. लसूण पार कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, कढीपत्ता पण तसाच, बोटानं चुरला गेला पाहिजे. चिरमुरे फोडणीत टाकायच्या आधी कढईत कोरडे गरम करून घ्यायचे, पोतं उघडलं की त्या दिवशीच संपवायचं, आणि भडंग पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायचं नाही, नाहीतर आत वाफ धरते. जुलै-ऑगस्टमधे तर आम्ही दुपारी १२ ते ४ मधेच भरतो.

आणि खवटपणा वेगळा. शेंगदाणा आणि तेल, दोन्हीला ऊन आणि हवा लागली की वास बदलतो. मी सुरुवातीला पारदर्शक पाकीट घेतलेलं कारण माल दिसतो, लोकांना आवडतं. पण दुकानदार ती माळ दारात उन्हात टांगतो! एप्रिलमधे तीन आठवड्यांत वास आला. तेव्हापासून चंदेरी आतलं पाकीट, वर छोटा फोटो.

टेस्ट साधी आहे. एकाच दिवशी भरलेली १२ पाकिटं घ्या, चार कपाटात, चार खिडकीत उन्हाला, चार स्वयंपाकघरात ओट्याजवळ. दर आठवड्याला प्रत्येकातलं एक फोडा आणि वहीत लिहा, आवाज, वास, रंग. महिन्याभरात कळतं आपला माल कुठं आणि किती दिवस टिकतो. खराब व्हायला लागलाय असं जिथं दिसेल त्याच्या बरीच आधीची तारीख पाकिटावर टाका. शेजारचा सहा महिने लिहितो म्हणून आपण लिहायचं नाही, परत आलेला माल आपल्या घरात येतो, शेजारच्याच्या नाही.

पायरी ३ : एका पाकिटाचा हिशोब, मनात नाही, कागदावर

समजा २०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ६० रुपये. दुकानदाराला १२ सोडायचे, उरले ४८. डीलर ४ घेणार, उरले ४४. त्यात ५ टक्के जीएसटी आहे तो आपला नव्हेच, म्हणजे हातात जवळजवळ ४२. आता खर्च. चिरमुरे, शेंगदाणे, तेल, तिखट, मसाला मिळून २४. पाकीट ३. मजुरी ४. गॅस-लाईट दीड. बॉक्स आणि गाडीभाडं अडीच. परत येणारा, फुटणारा माल दीड. बेरीज साडेछत्तीस. उरले साडेपाच.

आकडे तुमचे वेगळे येतील, शेंगदाणा आणि तेल दर महिन्याला खाली-वर होतं, पण मांडणी अशीच करा. आणि मजुरीत स्वतःची, सासूबाईंची, सुट्टीच्या दिवशी भरायला बसणाऱ्या मिस्टरांची मजुरी पण धरा. घरच्यांची मजुरी शून्य धरली की धंदा फायद्यात दिसतो, आणि ज्या दिवशी पहिली बाई कामाला लावाल त्या दिवशी तोट्यात जातो. लोकांना वाटतं बाई महाग पडली. बाई महाग नसते हो, हिशोबच खोटा होता.

आता डीलर येतो आणि म्हणतो, वहिनी, दहावर एक फ्री द्या, माल उचलतो. ऐकायला दहा टक्के पण नाय वाटत. पण बघा, ११ पाकिटं द्यायची आणि १० चे पैसे, म्हणजे पाकिटामागं ४२ चे ३८ रुपये २० पैसे झाले. खर्च साडेछत्तीसच. साडेपाचातले राहिले पावणेदोन. स्कीमनं विक्रीतला अकरावा भाग खाल्ला असं वाटतं, खरं म्हणजे नफ्यातला दोन तृतीयांश भाग खाल्ला. मी आठ महिने ती स्कीम दिली. कळल्यावर रात्री झोप नाय आली.

पायरी ४ : कागदं

ह्यात घाबरण्यासारखं काय नाही पण टाळण्यासारखं पण नाही.

खायचा माल विकायचा म्हणजे एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी) आधी, अगदी घरातनं विकणार असाल तरी. उलाढाल लहान असेल तर साधं रजिस्ट्रेशन, वाढली की लायसन्स. १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणी, करून घ्या. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर ऑनलाईन होते, सरकारी वेबसाईटवर फी शून्य आहे, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या साईट पैसे घेतात, तिकडं बघून घ्या.

जीएसटी : आपल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण आपली सांगली कुठं आहे बघा, मिरजेच्या पुढं थोडं गेलं की कर्नाटक. अथणी, चिक्कोडी, विजापूरचे दुकानदार आपला माल मागतातच, आणि दुसऱ्या राज्यात पहिलं पाकीट बिल केलं की नोंदणी लागते, तिथं ४० लाख वगैरे काय नाही. कंपोझिशन स्कीममधे (छोट्यांनी विक्रीवर ठोक दरानं जीएसटी भरायची सोय) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. म्हणून आधी ठरवा, कर्नाटक पाहिजे का नको. नमकीनवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, आपला माल कुठल्या कोडमधे बसतो ते सीएकडनं लिहून घ्या, तोंडी नको.

पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, बॅच नंबर, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, घटक पदार्थ, हिरवा ठिपका, आणि शेंगदाणा आहे हे वेगळ्या ओळीत, कारण काही लोकांना त्याची ॲलर्जी असते आणि ते लिहिणं कायद्यानं लागतं. मी पहिल्या वेळी एकदम २०,००० पाकिटं छापली आणि पिनकोड चुकला. वर स्टिकर चिकटवत बसलो सगळे, पोरगं सुद्धा. पहिली छपाई कमीत कमी करा, महाग पडली तरी. आणि वजनकाट्याचं स्टॅम्पिंग विसरू नका.

पायरी ५ : रुपयाचे दिवस मोजा

आता मुद्द्याचं. एक वही घ्या आणि एका रुपयाचा प्रवास लिहा. आज चिरमुऱ्याच्या पोत्याला रोख पैसे दिले. पोतं दोन दिवस पडलं, मग माल झाला, भरला, बॉक्समधे गेला, गाडी भरेपर्यंत आठ दिवस गोडाऊनला. मग डीलरकडं. डीलर म्हणतो महिन्याची उधारी, देतो दीड महिन्यानं. म्हणजे माझ्या खिशातनं गेलेला रुपया साधारण ६० दिवसांनी घरी आला.

महिन्याला ३ लाखाचा माल जात असेल आणि रुपया ६० दिवसांनी येत असेल तर माझे ढोबळ ६ लाख कायम बाहेर फिरतायत. ते माझे आहेत पण माझ्याकडं नाहीत. आता देव पावला आणि विक्री दुप्पट झाली, ६ लाख महिना. मग बाहेर किती पाहिजेत? १२ लाख. वरचे ६ लाख कुठनं आणणार? नफ्यातनं येत नाहीत, नफा पाकिटाला साडेपाच रुपये आहे, आणि तो पण उधारीतच अडकलाय. माझं नेमकं हेच झालं. कोल्हापूर, कराड, जत, तिन्हीकडं डीलर नेमले, टेम्पो भरून माल जायचा, लोक म्हणायचे तुमचं जोरात आहे, आणि मी शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन उचलत नव्हते. शेवटी पाटल्या पतपेढीत ठेवल्या.

ते निस्तरलं ते जास्त विकून नाही, कमी विकून. जतचा डीलर बंद केला, कराड निम्मं केलं, आणि सांगली-मिरज-माधवनगरची ७० दुकानं स्वतःच्या गाडीनं करायला लागले, आठवड्याला फेरी, आठवड्याला पैसे. विक्री तिसऱ्या हिश्श्यानं पडली. रुपया २२ दिवसांनी यायला लागला. चार महिन्यांत पाटल्या सोडवल्या.

म्हणून नवीन माणसाला मी विचारते, महिन्याची विक्री सांगू नको, दिवस सांग. ४० च्या खाली असेल तर वाढ, ६० च्या वर असेल तर आहे तिथंच थांब आणि आधी दिवस कमी कर. हे माझे आकडे आहेत, पुस्तकातले नाहीत, मसाल्यात वेगळे असतील, लोणच्यात तर फारच वेगळे, कारण कैरी वर्षातनं एकदाच घ्यायची आणि पैसा पार दिवाळीपर्यंत बरणीत.

किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, १९१० ला लक्ष्मणरावांनी कुंडलजवळच्या माळावर वसवली, आपण शाळेच्या सहलीला जाऊन आलोय सगळे. त्यांचा लोखंडी नांगर लोक घेत नव्हते, म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष उतरतं, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. आपण त्यातनं चिकाटी शिकतो, ठीक आहे. मला मात्र आता वाटतं की त्या दोन वर्षांत घर कशावर चाललं असेल हे कुणी सांगतच नाही. तुमचं कशावर चालणार ते आधी लिहा. घरात एक पगार येत असेल तर तो धंद्यात ओतू नका, तोच तुमचा दोन वर्षांचा श्वास आहे.

पायरी ६ : उधारी

उधारी न देता सांगलीत धंदा होतो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं केलेला नाही. द्यायची, पण अशी :

पहिली तीन बिलं रोख. दुकानदार नाय म्हणला तर चार पाकिटंच द्या, पण रोख. नंतर मागचं बिल दिलं की पुढचा माल, एका वेळी एकच बिल बाकी. प्रत्येक दुकानाला आकडा ठरवा, आमचा छोट्या दुकानाला १५०० आहे, आणि तो आकडा गाडीवरच्या पोराला माहीत पाहिजे, कारण पोराला माल खपवायचा असतो आणि वसुलीला तुम्ही जाता. बिलावर सही आणि तारीख, "काय ताई, आपल्यात सही कशाला" असं म्हणणाऱ्याची तर आधी घ्या.

वसुलीला वेळ बघून जा. सकाळी भवानी व्हायच्या आधी पैसे मागायला गेलात की तो दिवसभर तुम्हाला शिव्या घालतो. गावात आठवडी बाजार झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी जा, गल्ल्यात पैसे असतात. आणि उभं राहा. "उद्या या" म्हणला तर हसून म्हणायचं, बसते काका, चहा पिते. मी एका ठिकाणी तीन चहा पिलेत, साडेआठशे रुपयांसाठी.

एक मोठा डीलर होता, नाव नको, त्यानं १ लाख ८० हजार अडकवले. आधी दोन वर्षं नियमित दिले, मग एक बिल मागं, मग दोन, आणि दर वेळी ऑर्डर आधीपेक्षा मोठी. थकलेला माणूस मोठी ऑर्डर देतो तेव्हा खूश होऊ नका, तो तुमच्या मालावर दुसऱ्याची देणी फेडत असतो. मला कळेपर्यंत उशीर झाला. ६० हजार आले, बाकीचे सोडले.

कायदा आहे बरं का. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर चक्रवाढ व्याज. आता तर वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला इन्कम टॅक्समधे तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. किराणा दुकानदारावर हे चालवायला जाऊ नका, पण मॉल, मोठा डीलर, कंपनीचं कँटीन असेल तर बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. त्यांचे अकाउंटंट मार्चमधे आपणहून फोन करतात, अनुभव आहे.

पायरी ७ : मशीन आणि कर्ज

मशीन उशिरा घ्या. हातानं भरून, पायानं दाबायच्या सीलिंग मशीनवर दिवसाला किती होतं ते बघा, आणि तेवढं रोज, सलग तीन महिने विकलं जात असेल तरच पुढं. मी ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन घेतलं आणि जवळचे सगळे पैसे त्यात घातले, मशीन तासात जे भरायचं त्याला लागणारे चिरमुरे घ्यायला पैसे नव्हते. दोन महिने त्यावर चादर टाकून ठेवलेली.

सबसिडीचं नीट समजून घ्या. पीएमईजीपीमधे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के मिळते, गाव का शहर आणि तुम्ही कुठल्या गटात यावर. बायका विशेष गटात येतात, म्हणजे शहरात २५, ग्रामीण भागात ३५, आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून पडतात, धंदा नीट चालला तर मग कर्जातनं वजा. म्हणजे सुरुवातीला कर्ज पूर्णच आहे असं धरून चाला. योजनांत बदल होत राहतात, जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा, एजंटला टक्केवारी देऊ नका.

आणि बँकेला मशीनच्या कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, लागतील तसे पैसे उचलायचे आणि भरायचे) पण पहिल्याच दिवशी मागा. नंतर मागायला गेलात की ते म्हणतात आधी हप्ते नीट भरून दाखवा. सीसी घेतली की दर महिन्याला स्टॉक आणि येणी यांचं स्टेटमेंट द्यावं लागतं, फार जुनी उधारी ते धरत नाहीत. त्या निमित्तानं तरी उधारीची यादी होते.

पायरी ८ : माणसं

पगार ७ तारखेला म्हणजे ७ लाच. बाकी जमतं.

पायरी ९ : पाणी

हे बाहेरचा कुणी सांगणार नाही. गोडाऊन बघताना भाडं नंतर विचारा, आधी विचारा २०१९ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलतं. गाळामालक सांगेल आलं नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारा, भिंतीवरची रेघ बघा. माझा तेव्हाचा गाळा गणपती पेठेच्या बाजूला होता, ऑगस्टमधे पाणी चढलं आणि चिरमुऱ्याची ४० पोती, छापलेल्या पाकिटाचे रोल, दिवाळीसाठी घेऊन ठेवलेला शेंगदाणा, सगळं गेलं. ओले चिरमुरे फुगून पोतं फाटतं आणि चार दिवसांत जो वास येतो तो लिहिता येत नाही. विमा होता, पण कागदावर स्टॉक २ लाख आणि गाळ्यात ५ लाखांचा, कारण हप्ता वाचवायला मी कमी दाखवलेला. क्लेम पण त्याच हिशोबात कापून मिळाला. दर वर्षी मे महिन्यात स्टॉकचा आकडा वाढवून घ्या आणि पॉलिसीत पूर आहे का ते स्वतः वाचा.

आता गाळा कुपवाडला वर आहे, पण पाकिटाचे रोल आणि थोडा माल अजून गावातल्या एका खोलीत असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. आम्ही ४० ची वाट बघत नाही, ३० झालं आणि कोयना धरणातनं पाणी सोडतायत असं कळलं की माल उचलायला सुरू. बऱ्याचदा पाणी येत नाही, आणि सगळं परत खाली आणताना हमाल हसतात, म्हणतात वहिनी, यंदा पण फुकटचे १२०० दिलेत.

मी देते.